रत्नपारख्यांचं केळवण

आवटीबाई वाचत होत्या त्या कादंबरीची नायिका वैशाखातल्या एका मंगळवारी सकाळी फाटक उघडून आत आली आणि तिने चपला दाराशी नीट जोडून काढल्या.

बाई तेव्हा गच्चीवरून खाली येत होत्या. कुरडया घालून झाल्या होत्या, हात चिकाने भरलेले होते, आणि असल्या हातांनी आल्यागेल्याला नमस्कार कसा करायचा या विचारात त्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. मुलगी निळ्या रेशमी साडीत होती. गळ्यात लॉकेट होतं. डोळे पहिल्या भागाच्या पहिल्या पानावर लिहिले होते तसेच होते, काठोकाठ भरलेले आणि न सांडणारे.

"मावशी, मी कस्तुरी," ती म्हणाली.

"ते दिसलं," बाई म्हणाल्या. "बस. हात धुऊन येते."

तसं सांगलीत हे अगदीच नवं नव्हतं. पुस्तक अर्ध्याच्या पुढे गेलं, की त्यातली माणसं वाचणाऱ्याकडे येऊ-जाऊ लागतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मागच्या गल्लीतल्या एका वकिलांनी नेटाने एक रहस्यकथा वाचत आणली, तर तिच्यातला इन्स्पेक्टर येऊन त्यांच्या बिल्डिंगमधली हरवलेली सायकल शोधून देऊन गेला. गणपती मंदिराकडच्या एका बाईंनी ग्रामीण कादंबरी घेतली आणि तिच्यातला पाटील आठवडाभर त्यांच्या पायरीवर तंबाखू मळत बसला. त्यामुळे शहाणी माणसं एक तर अर्ध्यावर पुस्तक मिटतात, नाहीतर निबंध वाचतात. निबंधातून कोणी येत नाही.

तेव्हा नायिका आली याचं बाईंना नवल वाटलं नाही. कुठल्या कादंबरीतून आली, ते आठवून मात्र त्यांनी आधी फाटकाबाहेर कोणी बघत नाही ना ते पाहिलं.

कारण सुलोचना आवटी म्हणजे कोणी ऐरीगैरी वाचक नव्हत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि आता वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीच्या अध्यक्ष. श्रीमंत घराण्यांच्या, झुंबरांच्या, जिन्यावरून उतरणाऱ्या आईसाहेबांच्या ज्या जाडजूड प्रेमकादंबऱ्या असतात, त्यांना बाईंनी वाचनालयाच्या वर्धापनदिनी, माईक हातात असताना, 'मनाला लागलेली वाळवी' असं म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. त्यानंतर तसली सगळी पुस्तकं मागच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद झाली. एक किल्ली बाईंकडे राहिली. दुसरी समितीचे दुसरे सदस्य, निवृत्त प्राचार्य विद्याधर टेंबे यांच्याकडे, कारण मराठी अभिरुचीचं काय होणार या काळजीने सरांची झोप उडाली होती, असं सर स्वतःच सांगत.

कपाट बंद झालं तरी त्यातले भाग नाहीसे होत. विशेषतः 'रत्नमहालाचे वारस' या कादंबरीचे. बाई पुढचा भाग घ्यायला जायच्या, तर तो जागेवर नसायचा आणि आठदहा दिवसांनी परत आलेला असायचा. समितीने उंदरांचा बंदोबस्त करण्याचा ठराव केला. ठराव टेंबे सरांनी मांडला आणि बाईंनी त्याला अनुमोदन दिलं.

घरी बाई त्या कादंबरीला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घालायच्या आणि वर ठळक अक्षरात 'नागरिकशास्त्र' असं लिहायच्या. दुपारी भांडी झाली, की खोलीचं दार लोटून पालथ्या पडून वाचायच्या. आपली बायको या वयात नागरिकशास्त्र वाचते, हे अण्णा आवटी पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

बाई हात धुऊन आल्या. पन्हं पुढे केलं.

"काय झालं आता? लग्न परत मोडलं?" त्यांनी विचारलं, आणि आपण फार पटकन विचारलं असं वाटून त्या पदराशी चाळा करू लागल्या.

"अजून मोडलेलं नाही," कस्तुरी म्हणाली. "चौथ्या भागाच्या शेवटी मुहूर्त आहे. पण आईसाहेब म्हणतात, जिला माहेर नाही ती रत्नपारख्यांची सून होणार नाही. मला खरंच नाही, मावशी. लेखकाने मला अनाथाश्रमाच्या पायरीवर ठेवलं आणि गळ्यात हे लॉकेट घातलं. तेवढंच."

"लॉकेटात कोणाचा फोटो आहे?"

"ते शेवटच्या भागात उघडायचं आहे. आत्ता उघडत नाही. मी सुरीनेही बघितलं."

बाईंनी उसासा सोडला. त्या प्रश्नाने त्यांची दोन वर्षं झोप खाल्ली होती.

"एक जरी घर माझं केळवण करणारं निघालं," कस्तुरी पुढे म्हणाली, "तरी आईसाहेबांना बोलायला जागा राहणार नाही. लग्नाच्या मुलीला जेवायला घालणारं घर म्हणजे माहेरच की. मी तुमच्याकडे आले, कारण तिसऱ्या भागात मला विहिरीत ढकललं तेव्हा तुम्ही रडलात. ते पाणी माझ्या खोलीत पडलं. तिथे अजून ओल आहे. आमच्याकडे सगळे रडतात, पण जो तो स्वतःसाठी. माझ्यासाठी कोणी रडलं नव्हतं."

आवटीबाईंना एक मुलगा होता. तो पुण्याला असे, आणि त्याने लग्न केल्याचं फोनवर कळवलं होतं. मुलगी नव्हती. या घरात कोणाचं केळवण झालं नव्हतं. बाईंनी कितीतरी मैत्रिणींच्या मुलींची केळवणं डोळे भरून पाहिली होती आणि घरी येऊन साडी झटकून घडी घातली होती.

"तुम्हाला आम्ही सगळे दिसतो का गं?" त्यांनी विषय बदलून विचारलं.

"खालून दिसता. चेहरा पूर्ण दिसत नाही, पण नाकपुड्या आणि चष्म्याच्या काड्या पाठ होतात. कोण कोण वाचतं ते सगळं ठाऊक असतं. सांगायचं मात्र नसतं. तेवढं इमान ठेवतो."

बाई विचारात पडल्या. केळवण म्हणजे काही गुपचूप उरकायची गोष्ट नव्हे. दारात रत्नपारख्यांच्या मोटारी उभ्या राहणार आणि समोरच टेंबे सरांची बाल्कनी. सर संध्याकाळपर्यंत तिथे बसून रस्त्यावर अभिरुचीची काही लक्षणं दिसतात का ते बघत असत. उद्या समितीत तोंड कसं दाखवायचं? एकीकडे आयुष्यभर जपलेलं नाव, दुसरीकडे ही पन्ह्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसलेली पोर. तिने पन्हं संपवलं आणि तळाची वेलची बोटाने पुसून खाल्ली. बाईंचं तिथेच ठरलं.

"गुरुवारी दुपारी घेऊन ये सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

अण्णांना सांगणं भाग होतं. ते पेपर वाचत होते.

"अहो, गुरुवारी केळवण करायचंय."

"कुणाचं?"

"माझ्या पुस्तकातल्या मुलीचं."

अण्णांनी पेपर खाली घेतला. "नागरिकशास्त्रात लग्न असतंय?"

"ते नागरिकशास्त्र नव्हे."

अण्णांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं. नागरिकशास्त्र वाचताना माणूस उशीत तोंड खुपसून हुंदके देत नाही. आंबे किती आणू?"

बाईंना त्या क्षणी नवऱ्याचा असा काही उमाळा आला, की त्यांनी त्यांच्या हातातला पेपर उगीचच घडी घालून ठेवला. अण्णांचं वाचून व्हायचं होतं. त्यांनी तो परत उघडला.

इथे अण्णांच्या जेवणाबद्दल सांगायला हवं. अण्णा फार सावकाश जेवत. पाणीपुरवठ्यात नोकरी केली होती आणि कुठलीही गोष्ट हळूहळू सोडली की पाइप फुटत नाही, हे त्यांनी आयुष्यभरासाठी मनाशी धरलं होतं. घास चावून चावून, त्याची पूर्ण ओळख करून घेऊन मगच ते खाली पाठवत. लग्नकार्यात त्यांच्या भोवतीच्या सतरंज्या उचलल्या जात आणि अण्णा मधल्या एका चौकोनात भजी खात बसलेले असत. त्यात बाईंच्या सासूबाई घरात एक नियम घालून गेल्या होत्या. पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी पानावरून उठायचं नाही. उठलं तर अन्नपूर्णेचा अपमान. पाहुणा असो, मंत्री असो. हा नियम बाईंनी लग्न झाल्यापासून पाळला होता आणि त्यापायी त्यांच्या कितीतरी संध्याकाळी वाया गेल्या होत्या.

गुरुवारी सकाळीच कस्तुरी पुढे आली आणि रस काढायला बसली. काम करताना तिने बाईंना एक गोष्ट सांगितली. रत्नमहालात कोणी कधी जेवलेलंच नव्हतं.

"असं कसं? दर दोन प्रकरणांनी तुम्ही टेबलावर असता," बाई म्हणाल्या.

"बसतो. चांदीची ताटं येतात. मग फोन वाजतो, नाहीतर कोणीतरी दारात येऊन 'थांबा!' म्हणतं. सगळे ताडकन उठतात. आईसाहेबांच्या हातातला घास तर पहिल्या भागापासून हातातच आहे."

"तरीच," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डाळ अजून वाटीभर वाढवली.

दुपारी दोन लांबलचक मोटारी आल्या आणि गल्ली भरून गेली. आईसाहेब उतरल्या, भर वैशाखात खांद्यावर शाल, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. त्यांचा मुलगा अधिराज उतरला. तो रुबाबदार जबड्याचा आणि चांगला सहा फुटांवर लिहिलेला असल्यामुळे स्वयंपाकघराच्या चौकटीवर त्याचं कपाळ सडकून आपटलं. सगळ्यांत शेवटी मोहिनीकाकू आल्या. काळी शिफॉनची साडी नेसलेल्या या काकूंनीच कस्तुरीला विहिरीत ढकललं होतं. आल्या आल्या त्या सवयीप्रमाणे पडद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. आवटींचा पडदा खिडकीपुरताच होता. कमरेखाली काकू अख्ख्या दिसत होत्या.

"तिथं फॅनचा वारा लागत नाही, काकू," अण्णा म्हणाले. "इकडं बसा की."

पाट मांडले होते. केळीच्या पानांभोवती रांगोळी होती, उदबत्ती लावली होती. बाईंनी कस्तुरीला ओवाळलं, तिची ओटी भरली आणि ट्रंकेतून काढलेली आपली हिरवी इरकल साडी तिच्या हातात ठेवली. चार भाग रेशमात वावरलेल्या त्या मुलीने ती साडी गालाला लावून बघितली.

आईसाहेब पाटावर बसल्या, पण वरणभात समोर आला तरी त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या फोनकडे होतं.

"तो वाजला तर?" त्यांनी विचारलं.

"वाजून वाजून थांबेल," बाई म्हणाल्या. "तूप घ्या."

आईसाहेबांनी घास उचलला. जरा थांबल्या. कोणी 'थांबा' म्हटलं नाही. मग त्यांनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. त्यांच्या भुवया पहिल्या भागापासून वर चढलेल्या होत्या. त्या जराशा खाली आल्या.

इतक्यात दारातून आवाज आला, "बाई, ही वाहनं आमच्या फाटकासमोर..."

टेंबे सर आत आले आणि पंगत बघून जागीच थबकले. त्यांची नजर आईसाहेबांच्या शालीवरून अधिराजच्या जबड्यावर, तिथून कस्तुरीच्या लॉकेटवर गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कान लाल झाले.

"पाहुणे आहेत," बाई घाईने म्हणाल्या. "आमचेच. कोल्हापूरकडचे."

"असं का," सर म्हणाले. "बरं, मग मी..."

पण जेवणाच्या वेळी आलेला माणूस तसाच परत जात नसतो. अण्णांनी शेजारी पाट सरकवला आणि सर बसले. सर संतापलेत, असं बाईंनी पक्कं धरलं. त्यांनी सरांच्या पानात मीठ वाढलं, आणि घाबरून परत एकदा वाढलं.

मसालेभात फिरत असताना मोहिनीकाकूंनी हात थांबवला. बाईंचं लक्ष तिकडे गेलं. काकूंचा हात थांबला की काय होतं, ते त्यांना चार भागांच्या अनुभवाने माहीत होतं.

"आईसाहेब," काकू गोड आवाजात म्हणाल्या, "ज्या घरात आपण जेवतोय, ते घर या मुलीचं कोणीही लागत नाही. ही बाई तिची मावशी नाही. ही एक वाचक आहे! आणि तीही चोरून वाचणारी. आपल्यावर नागरिकशास्त्राचं कव्हर घालते, आणि चारचौघांत आपल्याला वाळवी म्हणते!"

आईसाहेबांच्या भुवया होत्या तिथे परत गेल्या. "हे लग्न होणार नाही!" त्या कडाडल्या, आणि सगळं रत्नपारखी घराणं एका झटक्यात अर्धं उठलं. अधिराजचा हात मोटारीच्या किल्लीकडे गेला. कस्तुरी दाराकडे वळली. बाहेर टळटळीत ऊन होतं, पण ती पळायला लागली असती तर पाऊस आला असता.

बाईंना सरांकडे बघायचा धीर झाला नाही. सगळं संपलं होतं, आणि नेमकं म्हणूनच त्यांच्या तोंडून फक्त सासूबाई बोलल्या.

"बसा! पानावरून कोणी उठायचं नाही. ह्यांचं व्हायचंय."

"आम्ही रत्नपारखी आहोत," आईसाहेब म्हणाल्या.

"असाल. पण पंगतीत बसलाय."

हा मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी मसालेभातातलं कढीपत्त्याचं पान वेगळं काढलं, उलटसुलट करून बघितलं आणि केळीच्या पानाच्या कडेला ठेवलं.

"चालू दे तुमचं," ते म्हणाले. "मला वेळ आहे."

रत्नपारखी खाली बसले.

गौप्यस्फोटानंतर जागेवर बसून राहायची त्या घराण्यात कोणालाच सवय नव्हती. एरवी असं काही झालं की आईसाहेब जिना चढून जात, अधिराज घाटाच्या दिशेने मोटार पळवी, कस्तुरी पावसात धावत सुटे, आणि कोणाला कोणाशी बोलायची वेळच येत नसे. म्हणून तर भाग वाढत गेले होते. इथे समोर मसालेभात होता, वर खोबरं-कोथिंबीर होती आणि शेजारचा माणूस शेजारीच होता. काय करावं ते न सुचून अधिराजने एक घास घेतला. मग दुसरा घेतला. मग त्याने लिंबाची फोड मागितली.

शेवटी आईसाहेबांनी विचारलं, "काकू म्हणतात ते खरं आहे?" मुलाचं लग्न जमल्यापासून त्यांनी हा प्रश्न कोणालाच विचारला नव्हता.

आवटीबाई रसाचं पातेलं घेऊन मध्येच उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं.

"खरं आहे. वाळवी म्हणाले," त्या म्हणाल्या. "माईकवर म्हणाले. आणि त्याच दिवशी घरी येऊन, दार लावून, दुसरा भाग संपवला. सगळे वाचलेत. तिसरा दोनदा. लाज वाटायची मला. मुलींना मी आयुष्यभर चांगलं वाचा, चांगलं वाचा म्हणत आले, आणि ते काही खोटं नव्हतं. पण दुपारी भांडी घासून झाल्यावर तुमच्या झुंबराखाली येऊन उभं राहिलं, की मला जो आनंद होतो ना, तसा मला दुसऱ्या कशाने होत नाही. ही जिन्यावरून घसरली की मी इथे पलंगाचा कठडा धरते. आता मावशी म्हणजे आणखी काय असतं, ते तुम्हीच सांगा. हिला माहेर नसेल तर हे घर तिचं माहेर. टेंबे सर बसलेत, त्यांच्यासमोर सांगते. उद्या समितीतून काढलं तरी चालेल."

अण्णांचं चावणं तेवढं ऐकू येत होतं. बाईंना एकदम हलकं वाटलं, उन्हाळ्यात केस धुतल्यावर वाटतं तसं.

आईसाहेबांनी विचार केला. त्या अडचण काढण्यासाठीच लिहिलेल्या होत्या, आणि पोट अर्धंच भरलं होतं.

"मावशी मिळाली, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मामा कुठे आहे? मामाने आणल्याशिवाय मुलगी मांडवात येईल कशी?"

"मी काका लागतोय," अण्णा घास संपवून म्हणाले. "मामाचं काम काकानं केलेलं चालत नाही."

ते बरोबरच होतं. मोहिनीकाकू हसल्या. बाई कस्तुरीकडे बघू लागल्या, पण ती मान खाली घालून, ओठ घट्ट मिटून, पानावरची चटणी बोटाने सारखी करत होती. तिला काहीतरी ठाऊक होतं आणि ती ते सांगणार नव्हती.

टेंबे सरांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "ते आपल्या कपाटातले उंदीर..."

"सर, उंदरांचं आत्ता काय?"

"उंदीर मीच आहे."

बाईंचा हात तोंडावर गेला.

"चौथा भाग तुमच्या आधी माझ्याकडे होता," सर पानाकडे बघत म्हणाले. "तिसराही होता. ही विहिरीत पडली, त्या संध्याकाळी माझं समीक्षेवर व्याख्यान होतं. मी गेलो नाही. घशाला त्रास होतोय असं कळवलं. आणि ते खोटं नव्हतं, घशाला त्रास होतच होता." त्यांनी कस्तुरीकडे पाहिलं. "मला बहीण नाही. त्यामुळे भाचीही नाही. तुला चालत असेल तर मांडवात मी उभा राहतो."

"मामा," कस्तुरी म्हणाली.

एवढंच म्हणाली, आणि तिचे डोळे सांडले. पहिल्या भागापासून काठावर थांबलेलं पाणी गालांवरून ओघळून मसालेभातात पडलं. अधिराज घाबरून उठू लागला, पण अण्णांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो बसला. मग त्याने पहिल्यांदाच, मोटारबिटार न काढता, तिथल्या तिथे, आपल्या उपरण्याने तिचे डोळे पुसले. बाईही रडत होत्या. सर चष्मा पुसत होते. सगळे एकाच वेळी एकाच मुलीसाठी रडत होते, आणि काय सांगावं, त्या स्वयंपाकघरात त्या दुपारी फार आनंद होता.

आईसाहेबांनी रसाची वाटी उचलली आणि तळापर्यंत संपवली. कादंबरीच्या इतिहासात त्यांनी संपवलेली ती पहिली गोष्ट. मग त्यांनी वाटी पुढे केली.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "रस आहे का अजून?"

मोहिनीकाकूंनीही रस मागितला, पण त्यांनी तो शेजारी बसलेल्या आईसाहेबांच्या कानात कुजबुजून मागितला. स्वभावाला औषध नाही. बाईंनी त्यांना दोन पळ्या जास्तच वाढला.

यथावकाश अण्णांनी शेवटचा मठ्ठा घेतला, पानाची घडी घातली आणि समाधानाने म्हणाले, "हं, उठा आता."

कोणी उठेना.

लग्न ठरल्या मुहूर्तावर, चौथ्या भागाच्या शेवटून दुसऱ्या प्रकरणात झालं. कस्तुरी हिरवी इरकल नेसली होती. मामा म्हणून एक सडपातळ, चष्मा लावलेले गृहस्थ तिच्या मागे उभे होते आणि मंगलाष्टकांतल्या वृत्तदोषांकडे त्यांनी त्या दिवशी दुर्लक्ष केलं. जेवणाच्या पंगतीचं वर्णन फार लांबलंय, अशी टीका पुढे काही वाचकांनी केली. पण त्या पंगतीत अण्णा होते, आणि ते उठेपर्यंत लेखकाला प्रकरण संपवता आलं नाही.

ग्रंथनिवड समितीच्या पुढच्या सभेत उंदरांच्या बंदोबस्ताचा ठराव मागे घेण्यात आला. टेंबे सरांनी तो मागे घेतला आणि बाईंनी अनुमोदन दिलं. लोखंडी कपाट पुढे आणून दाराजवळ, चांगल्या उजेडात ठेवलं. कुलूप काढलं. त्यानंतर वाचनालयात इतकी गर्दी झाली, की ज्यांना निबंध हवे होते त्यांना मागच्या खोलीत जावं लागलं. बाईंनी घरच्या पुस्तकाचं कव्हर काढून टाकलं आणि तो कॅलेंडरचा कागद कुरडयांच्या डब्यात तळाला घातला.

मग पाचवा भाग आला आणि महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. लोक पुस्तक हातात घेऊन वाचनालयात येऊ लागले. सलग कितीतरी प्रकरणं रिकामी जात होती. अधिराज एकटाच व्हरांड्यात बसलेला, आईसाहेब स्वयंपाकघरात कटाची आमटी शिकत असलेल्या, आणि नायिकेचा कुठे पत्ता नाही. पानं कमी बांधली गेलीत का, असं लोकांनी विचारलं. पैसे देऊन वर्गणीदार झालेली माणसं ती. त्यांना उत्तर मिळायला हवं होतं.

अध्यक्ष या नात्याने आवटीबाईंनी ते दिलं.

"पुस्तकात काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "आषाढ चालू आहे. पहिल्या आषाढात नवी सून सासरी ठेवत नाहीत. ती माहेरी आलीय."

लोकांना ते लगेच पटलं. एकीने तेवढं विचारलं, "बरी आहे ना पण?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या, आणि पिशवी उचलून निघाल्या. घरी कस्तुरी जेवायची थांबली होती. अण्णा तिच्या आधी बसले होते, त्यामुळे घाई नव्हती.